न जुळणारे विमान

माझ्या लिहिण्याच्या मेजावर एक लहानसे रुपेरी विमान उभे आहे. त्याच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर जेमतेम दहा सेंटिमीटर. तळहातावर सहज मावेल एवढे ते आहे. घरी येणारे पाहुणे त्याच्याकडे पाहून "वा! छान आहे," असे म्हणतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. एखादा चौकस मुलगा मात्र ते हळूच उचलतो, उलटसुलट करून पाहतो आणि विचारतो, "हे तुम्ही स्वतः केले?"

या प्रश्नाला नुसते 'हो' एवढेच उत्तर देणे मला कधी जमलेले नाही. ते मी केले हे खरे. पण आधी बिघडवून मग केले, आणि एकट्याने केले नाही, हेही तितकेच खरे. त्या विमानाची हकीकत आज सांगतो.

१९८६ सालची गोष्ट. सहावीची परीक्षा देऊन मी सातवीत गेलो होतो. आम्ही नाशिकला पंचवटीत राहत असू आणि माझे मामा तेथून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या ओझर येथील विमान कारखान्यात फिटर होते. मामा पूर्वी मुंबईला परळच्या रेल्वे कारखान्यात काम करीत. १९६४ साली ओझरचा कारखाना उभा राहिला आणि काही काळाने मामा तिकडे आले. त्या कारखान्यात 'मिग-२१' नावाची लढाऊ विमाने तयार होत. सुरुवातीची विमाने सोव्हिएत संघातून सुट्या भागांच्या रूपाने येत आणि ते भाग ओझरला जोडले जात. पुढे हळूहळू ते भागही आपल्याच देशात होऊ लागले. विमानाचे धड आणि पंख ओझरला, इंजिन दूर ओडिशातील कोरापुटला आणि आतली विजेची नाजूक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती.

मामा दर रविवारी एस.टी.ने आमच्याकडे येत. त्यांचे बोलणे थोडे. पण हात मात्र सदैव काहीतरी करीत असत. दाराची कुरकुरणारी बिजागरी, आईच्या शिवणयंत्राचा सैल झालेला पट्टा, माझ्या सायकलचे डगडगणारे चाक, हे सारे त्यांची वाट पाहत थांबलेले असे. विमानांविषयी मात्र ते घरी फारसे बोलत नसत. मी खोदून खोदून विचारले तर हसून म्हणत, "अरे, ते तुझ्या खिशात मावण्यासारखे असते तर दाखवायला घेऊन आलो असतो!"

त्या मे महिन्याच्या सुट्टीत मामा आले ते एक पुठ्ठ्याची पेटी घेऊन. पेटीच्या झाकणावर आकाशात झेपावणाऱ्या मिग विमानाचे चित्र होते. मामांच्या एका स्नेह्याने ती परदेशातून आणून त्यांना दिली होती. पेटीत करड्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि झाडाच्या डहाळीला कैऱ्या लटकाव्यात तसे विमानाचे लहान लहान भाग त्या चौकटींना लटकलेले होते. मामा म्हणाले, "ऑक्टोबरअखेर मी निवृत्त होतो आहे. वीस वर्षे विमाने जोडली, पण घरात ठेवायला त्यांतला एक खिळाही माझ्याजवळ नाही. तू हे मला जोडून दे. मी निवृत्त होईन त्या दिवशी माझ्या फळीवर ते उभे असेल."

मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! विमानाच्या कारखान्यात काम करणारे मामा मला विमान करायला सांगत होते!

पेटीवर '१:७२' असा आकडा छापला होता. त्याचा अर्थ मामांनीच मला समजावून दिला. खरे विमान या लहान विमानाच्या बहात्तर पट मोठे. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट. म्हणून सहा फूट उंचीचा माणूस या मापात बरोबर एक इंचाचा होतो. मिगच्या पंखांचा विस्तार सुमारे सव्वासात मीटर. तो इथे दहा सेंटिमीटरांत बसला होता. "पण एक लक्षात ठेव," मामा जाता जाता म्हणाले, "विमान लहान झाले म्हणजे चूक लहान होत नाही. इथे केसाएवढी फट राहिली, तर खऱ्या विमानात ती बहात्तर पट मोठी होईल."

हे वाक्य मी ऐकले. पण ऐकणे आणि ध्यानात घेणे यांत फरक आहे.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पेटी उघडून बसलो. विमान संध्याकाळपर्यंत पुरे करायचे आणि गल्लीतल्या मित्रांना दाखवायचे, असा माझा बेत होता. मी सगळे भाग चौकटीतून मोडून काढले. धडाचे दोन अर्धे भाग होते, डावा आणि उजवा. त्यांच्या कडांना चिकटवण्याचा द्रव भराभर लावला आणि ते एकमेकांवर दाबून धरले. नाकाकडची बाजू नेमकी जुळली. शेपटीकडे पाहतो तो काय! डावा भाग उजव्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा वर सरकलेला! मी शेपूट दाबली, तेव्हा नाक उघडले. नाक दाबले, तेव्हा पोट उघडले. या ओढाताणीत द्रव बाहेर आला, माझ्या बोटांना लागला आणि बोटे विमानाला लागली. तो द्रव साधा डिंक नव्हे. तो प्लॅस्टिकला किंचित विरघळवतो आणि दोन्ही कडा एकजीव करतो. साहजिकच माझ्या अंगठ्याचा ठसा विमानाच्या डाव्या कुशीवर कायमचा उमटला.

तरीही मी थांबलो नाही. थांबलो असतो तर बरे झाले असते! डावा पंख लावून पाहिला, तर पंख आणि धड यांच्यामध्ये नखाएवढी फट राहिली. वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक झाकणी बसवायला गेलो, तर ती धडापेक्षा रुंद! दोन्ही बाजूंनी ती बाहेर डोकावू लागली. उजवा पंख हाती घेतला, तर तो शिळ्या भाकरीसारखा वाकडा! शेवटी मी संतापलो. "पेटीच खोटी आहे! भागच चुकीचे आहेत!" असे मोठ्याने ओरडून मी सगळे विमान पेटीत कोंबले आणि पेटी माळ्यावर जुन्या ट्रंकेमागे टाकून दिली.

तेवढ्यावर गोष्ट संपती, तर मला आज ती सांगताना संकोच वाटला नसता. पुढच्या रविवारी मामांनी विचारले, "काय रे, कुठवर आले आपले विमान?"

"झाले आहे, मामा," मी म्हणालो. "फक्त रंग वाळतो आहे."

हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले ते मला आजही कळत नाही. पण एकदा निघाल्यावर ते परत घेता येईनात. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी मामा हसून विचारीत, "वाळला का रंग?" आणि मी "नाही अजून," असे म्हणून दुसरीकडे पाही. पावसाळा सुरू झाला, तेव्हा एक निमित्तही मिळाले. पावसाळ्यात रंग वाळत नाही! मामांनी कधी उलट प्रश्न केला नाही. पण रविवार जवळ आला की माझ्या पोटात गोळा उठू लागला. ज्या मामांची मी आठवडाभर वाट पाहत असे, त्यांनी आज येऊ नये असे मला वाटू लागले. खोट्या बोलण्याची खरी शिक्षा हीच असावी.

गणपती आठ दिवसांवर आले. आईने घराची साफसफाई काढली. तो नेमका रविवार होता आणि माळ्यावरच्या वस्तू खाली घ्यायला मामा स्टुलावर चढले होते. ट्रंक बाजूला सरताच ती पेटी धपकन खाली पडली आणि तिचे झाकण उघडले. जमिनीवर ते वेडेवाकडे विमान, एक सुटा पंख आणि चुरगळलेला नकाशा, असे सगळे माझ्या डोळ्यांसमोर पसरले.

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. आता मामा रागावतील, निदान आईला तरी सांगतील, असे मला वाटले. मामा स्टुलावरून उतरले. त्यांनी सगळे भाग एकेक करून वेचले. मग ते ओट्यावर, उजेडात जाऊन बसले आणि त्यांनी मला हाक मारली. मी खाली मान घालून गेलो. "मामा, मी खोटे बोललो," एवढेच शब्द कसेबसे उमटले.

"ते मला मे महिन्यातच कळले होते," मामा शांतपणे म्हणाले. "रंग वाळायला ठेवणाऱ्याच्या बोटांना कुठेतरी रंग लागलेला असतो. बरे, ते राहू दे. इकडे ये आणि हे बघ."

त्यांनी माझ्या उजव्या हाताची तर्जनी धरली आणि तिचे नख विमानाच्या सांध्यावरून नाकापासून शेपटीपर्यंत सावकाश फिरवले. "डोळे मीट. नख कुठे अडते?"

"इथे... आणि इथे."

"डोळ्याला फसवता येते, नखाला नाही. कुठे अडते ते कळले, म्हणजे अर्धे काम झाले."

मी धीर करून म्हणालो, "पण मामा, माझी चूक नव्हती. भागच जुळत नाहीत!"

मामा हसले. "खरे आहे. भाग जुळत नाहीत. पण अरे, सगळे भाग आपापले जुळले असते, तर कारखान्याने मला वीस वर्षे पगार कशाला दिला असता? फिटर म्हणजे कोण? जुळवणारा! धड एका ठिकाणचे, इंजिन दुसऱ्या ठिकाणचे. त्यांची गाठ घालून द्यायची, हेच तर माझे काम!"

मग त्यांनी मला भाग का जुळत नाहीत ते सांगितले. हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. ते तापवून पातळ करतात आणि लोखंडी साच्यात जोराने दाबून भरतात. निवाले की ते घट्ट होते. पण निवताना ते आकसतेही. "मेणबत्तीचे मेण वाटीत थिजताना पाहिले आहेस ना? मध्ये खळगा पडतो. तसेच हे. जाड भाग जास्त आकसतो, पातळ कमी. साच्यातून घाईने बाहेर काढला, तर भाग वाकतो. साचा जुना होऊन झिजला, तर त्याच्या दोन अर्ध्यांमधून प्लॅस्टिक बाहेर झिरपते आणि कडेला असा पापुद्रा राहतो." त्यांनी पंखाच्या कडेचा पातळ पापुद्रा नखाने उचलून दाखवला. मी तो पापुद्रा विमानाचाच भाग समजून तसाच चिकटवला होता!

"आता मला सांग," मामा म्हणाले, "यात चुका किती आहेत?"

मी मोजल्या. शेपूट सरकलेली, पंखाशी फट, झाकणी रुंद आणि उजवा पंख वाकडा. "चार!"

मामांनी धड माझ्या डोळ्यांसमोर आडवे धरले. "नीट पाहा. निवताना धडाच्या भिंती आत झुकल्या आहेत. धड अरुंद झाले, म्हणून पंख त्याच्यापर्यंत पोचत नाही. धड अरुंद झाले, म्हणूनच झाकणी रुंद वाटते. झाकणी रुंद नाहीच मुळी! म्हणजे या दोन चुका नव्हेत, एकच आहे. ती सुधारली, तर दोन्ही सुधारतील. तू प्रत्येक भागावर वेगळा रागावलास; त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे ते पाहिले नाहीस."

त्या रविवारपासून आमचे काम सुरू झाले. पहिला रविवार तर नुसता सोडवण्यात गेला. डावा पंख दोनच ठिकाणी चिकटला होता; तो सहज सुटला. धडाचा सांधा मात्र एकजीव झाला होता. मामांनी करवतीचे एक जुने, पातळ पाते आणले आणि माझ्या हाती दिले. मी दचकलो. जोडलेले कापायचे? "चुकीचे जोडलेले सोडवता आले पाहिजे," मामा म्हणाले. "घाई करू नकोस. पात्याला जोर लावायचा नाही. त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचे." मी कापत असताना त्यांनी एकदाही पाते माझ्या हातातून घेतले नाही. स्वतःचे दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले होते. पण त्यांची बोटे माझ्या बोटांबरोबर हलत होती.

दुसऱ्या रविवारी आम्ही काहीच चिकटवले नाही. सगळे भाग नुसते कोरडे जुळवून पाहिले. कडा कानशीने घासायची, जुळवून पाहायचे. पुन्हा घासायची, पुन्हा पाहायचे. "आधी जुळव, मग चिकटव," हे मामांचे वाक्य त्या दिवशी मी किती वेळा ऐकले असेल! वाकडा पंख आम्ही ऊन पाण्यात धरला, हळूच सरळ केला आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवला. उष्णतेने जे बिघडले होते, ते उष्णतेनेच सुधारलेले पाहून मला मोठी मौज वाटली.

धडाच्या आत झुकलेल्या भिंतींसाठी मामांनी रिकाम्या चौकटीची एक काडी घेतली, ती मापाने कापली आणि धडाच्या आत आडवी बसवली. कपाटाची दारे उघडी राहावीत म्हणून मध्ये काठी घालावी तशी. भिंती बाहेर सरकल्या. मी झाकणी वर ठेवून पाहिली. ती बसली! पंख लावून पाहिला. नखाएवढी फट केसाएवढी झाली होती! चौकटीची जी काडी मी कचरा म्हणून फेकून देणार होतो, तिनेच हे काम केले होते.

शेपूट मात्र काही केल्या पुरती जुळेना. दोन अर्ध्यांचा आकारच मुळात थोडा भिन्न होता. पाठीची रेघ जुळवली की पोटाची चुके. मी पुन्हा निराश होऊ लागलो. तेव्हा मामा म्हणाले, "सगळीच चूक नाहीशी करता येईल असे नाही. पण ती कुठे ठेवायची, हे आपल्या हाती असते. पाठीवर बारीक रेघा कोरलेल्या आहेत. तिथे घासले तर त्या पुसून जातील. पोट सपाट आहे; तिथे पॉलिशपेपर फिरवायला जागा आहे. म्हणून पाठ जुळव आणि फरक पोटाकडे जाऊ दे." आम्ही तसेच केले. आपटेवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात तसा पातळ प्लॅस्टिकचा एक कपटा पोटाच्या फटीत बसवला. उरलेल्या बारीक भेगांसाठी मामांनी एक युक्ती शिकवली. चौकटीचे बारीक तुकडे करून ते चिकटवण्याच्या द्रवात टाकायचे. काही तासांत त्यांची दाट खीर होते. ती खीर भेगांत भरली की वाळल्यावर तिचे पुन्हा तेच प्लॅस्टिक होते. त्या द्रवाचा वास उग्र असल्यामुळे हे काम आम्ही नेहमी ओट्यावर, मोकळ्या हवेत करीत असू. "ही खीर वाळायला आठवडा लागतो," मामांनी बजावले. "वरून कोरडी दिसली, तरी आत ओली असते. ओली असताना घासशील, तर पुढे ती आकसून खड्डा पडेल."

धड कायमचे बंद करण्यापूर्वी मामांनी नाकाच्या पोकळीत सायकलचे चार छर्रे चिकटवायला लावले. "नाक हलके राहिले, तर एवढी मेहनत करून विमान शेपटीवर बसेल!" रबरबँड गुंडाळून आणि कपड्यांचे चिमटे लावून विमान आठवडाभर तसेच ठेवले. ते पाहून आजी म्हणाली, "जखमी पाखरू दिसते आहे ग बाई!"

मग रंग आला. मिगच्या पत्र्यासारखा रुपेरी रंग आम्ही निवडला. त्या रंगाइतका निष्ठुर परीक्षक मी पाहिलेला नाही. करड्या प्लॅस्टिकवर जो सांधा दिसेनासा झाला होता, तो रुपेरी रंगाखाली आरशातल्या ओरखड्यासारखा चमकू लागला. पुन्हा घासायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा रंगवायचे. असे तीन वेळा झाले. मे महिन्यात मी पहिल्याच अपयशाला पेटी माळ्यावर टाकली होती. आता तिसऱ्या वेळी मला राग आला नाही, याचे माझे मलाच नवल वाटले. राग यायला जागाच नव्हती. नख कुठे अडते ते शोधण्यात मी गुंतलो होतो. पंखांवर आणि धडावर मी आपल्या वायुदलाचे वर्तुळ रंगवले. बाहेर केशरी, त्याच्या आत पांढरा आणि मध्यभागी हिरवा.

डाव्या कुशीवरचा अंगठ्याचा ठसा मात्र पुरता गेला नाही. तो आणखी घासावा, तर तिथले प्लॅस्टिक पातळ झाले असते. मी हळहळलो. मामा म्हणाले, "राहू दे. हे विमान कोणी केले, हे कोणाला विचारायला नको."

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. पण मामांना कारखान्याच्या कामामुळे येता आले नाही. डाव्या पंखाखाली एक बारीक भेग भरायची राहिली होती. निवृत्तीचा दिवस अगदी जवळ आला होता. मी एकट्यानेच ती भेग भरली. ती आठवडाभर वाळायला हवी होती. मी एक रात्र थांबलो आणि सकाळी तिच्यावर पॉलिशपेपर फिरवून रंगही दिला. वरून पाहता काहीच कळत नव्हते.

मामा निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्यांच्या ओझरच्या घरी त्यांचे दहा-बारा सोबती चहाला आले होते. सारे फिटर, जोडारी, यंत्रकामगार. मामांनी फळीवरचे विमान उतरवले आणि "माझ्या भाच्याने केले," असे म्हणून पहिल्याच्या हाती दिले. त्या सर्वांनी काय केले असेल? कोणीही "वा! छान!" असे म्हटले नाही. प्रत्येकाने विमान दिव्याकडे धरले आणि सांध्यावरून हळूच नख फिरवले! माझी छाती धडधडू लागली. विमान हातोहात फिरत होते आणि एकेक जण मान डोलवीत होता. शेवटी एका वृद्ध गृहस्थांचे नख डाव्या पंखाखाली थांबले. चार दिवसांत ती खीर आकसली होती आणि तिथे बारीक खड्डा पडला होता. त्यांनी हसून मामांकडे पाहिले.

माझी मान खाली गेली. मी हळूच म्हणालो, "ती मी वाळू दिली नाही. घाई केली."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग मामा म्हणाले, "एक सापडली. आता आम्ही बुजवलेल्या बाकीच्या शोधून दाखवा!" सगळे मोठ्याने हसले. त्या वृद्ध गृहस्थांनी पुन्हा एकदा सगळ्या विमानावरून नख फिरवले. ते दुसरीकडे कुठेही अडले नाही. त्यांनी विमान परत देताना माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात कानशीसारखा खरखरीत होता. खरे बोलून किती हलके वाटते, हे मला त्या दिवशी कळले. मामांना 'रंग वाळतो आहे' असे सांगितल्यापासून जो गोळा माझ्या पोटात होता, तो त्या संध्याकाळी पुरता विरला.

मामांच्या फळीवर ते विमान अनेक वर्षे होते. मामा गेल्यानंतर मामींनी ते माझ्याकडे पाठवले. तेव्हापासून ते माझ्या मेजावर आहे. पुढे मी आणखी कितीतरी विमाने जोडली. काहींचे भाग असे नेमके जुळत, की संध्याकाळपर्यंत ती तयार होत. ती कोणती होती, हे आज मला आठवतही नाही. ज्यांनी मला छळले, ती मात्र सगळी आठवतात. कारण त्यांतल्या प्रत्येकाने मला काहीतरी नवे करायला लावले.

मिग-२१ हे विमान १९६३ साली भारतीय वायुदलात दाखल झाले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्याला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. बासष्ट वर्षांची सेवा! त्या दिवशी ती बातमी ऐकून मी मेजावरचे विमान हाती घेतले. मऊ फडक्याने त्याच्यावरची धूळ पुसली. मग डोळे मिटले आणि नाकापासून शेपटीपर्यंत, पाठीवरून पोटावर, उजव्या पंखावरून डाव्या पंखावर सावकाश नख फिरवले.

सगळीकडे ते सरळ निघून गेले. डाव्या पंखाखाली मात्र, जिथे एक आठवडा थांबायचे ते मी एक रात्र थांबलो होतो, तिथे ते अजूनही अडते.